गेलेल्या माणसाविषयी बोलताना

२०१८ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या उर्दू शाळेत परिपाठ चालू होता. दुआ झाली, सुविचार झाला, बातम्या झाल्या. बातम्यांत एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी आली आणि आम्हाला वाटले, मुलांना यावर दोन शब्द सांगितले पाहिजेत. आम्ही सांगितले. खुदकुशी हराम आहे, जीव अल्लाहची अमानत आहे, इथपर्यंत ठीक होते. पण बोलता बोलता आम्ही पुढे गेलो. अशा माणसाच्या जनाजाची नमाजसुद्धा होत नाही, त्याच्यासाठी केलेली दुआ कबूल होत नाही, असेही आम्ही म्हणालो. लहानपणापासून कानावर पडलेले होते, तेच तोंडातून आले. पडताळून कधी पाहिले नव्हते.

नववीच्या रांगेतला एक मुलगा बसलेला होता तसा उठला आणि फाटकाबाहेर निघून गेला. आम्ही हाक मारली, त्याने वळून पाहिले नाही. त्या वर्षीच तो शाळेत आला होता. नाना-नानीकडे राहायचा. दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘मयत’ लिहिले होते, पण ते कसे गेले हे आम्ही विचारले नव्हते. दुपारच्या सुटीत एका शिक्षकाने सांगितले आणि आमच्या हातातला डबा तसाच राहिला.

मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. घरी हे सांगितले तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, “तुम्ही वर्गात गैरहजेरी मांडता, त्याच्या घरी जाऊन या.” पाचव्या दिवशी आम्ही गेलो. नानांनी चटई टाकली, चहा आला. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आम्ही माफी मागायला गेलो होतो, पण शब्द सुचेनात. शेवटी तोच बोलला, “सर, अब्बांसाठी दुआ करायला परवानगी आहे का? मी रोज करतो. ती कुठे जाते मग?”

वीस वर्षांच्या नोकरीत एवढा अवघड प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. आम्ही खरे ते सांगितले. “बेटा, मला नीट माहीत नाही. मी न विचारता बोललो. विचारून येतो.”

मुलाचे वडील बटाईने शेती करायचे. आमच्याकडे मिरची होते, पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार सगळ्यांना माहीत आहे. त्यांनीही दुसऱ्याच्या रानात मिरची लावली होती. खत, औषध, मजुरी, सगळे हातउसने आणि उधारीवर. भाव पडला, त्यात पत्नीच्या आजारपणाचा खर्च आला. ते गेल्यावर नाना कागद घेऊन सरकारी कचेरीत गेले होते. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, ही मदत महाराष्ट्रात २००६ च्या शासन निर्णयापासून आहे. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर लागते, बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज लागते, वसुलीचा तगादा लागतो. बटाईदाराचे नाव सातबाऱ्यावर नसते आणि हातउसन्याचा कागद कोणाकडे नसतो. जिल्ह्यात एक समिती असते, ती प्रकरण पाहून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. मराठवाड्यात हे शब्द इतके रुळले आहेत की पारावर बसलेली माणसेही सहज विचारतात, “ती पात्र होती की अपात्र?”

त्या मुलाने वडिलांविषयी कचेरीत ऐकलेला शब्द होता ‘अपात्र’. दफनाच्या दिवशी गल्लीत ऐकलेला शब्द होता ‘हराम मौत’. आणि वर्षभराने नव्या शाळेत आल्यावर त्याच्या शिक्षकाने, म्हणजे आम्ही, सांगितले की दुआसुद्धा पोहोचत नाही. चौदा वर्षांच्या मुलाजवळ वडिलांसाठी उरलेली शेवटची गोष्ट आम्ही काढून घेतली होती.

रविवारी एसटीने जालन्याला गेलो आणि आमच्या ओळखीच्या एका वयस्क मौलानांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मास्तर, हराम कामाला हराम म्हणा, त्यात कमी करू नका. पण माणसाचा निकाल तुम्ही लावू नका. तो ज्याचा आहे त्याच्याकडे गेला.”

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. स्वतःचा जीव घेण्याची मनाई सूरह निसाच्या २९ व्या आयतीत आहे, पण त्याच आयतीचा शेवट अल्लाह तुमच्यावर मेहेरबान आहे या सांगण्याने होतो. आपण पहिला अर्धा भाग तेवढा पाठ करतो. जनाजाच्या नमाजेविषयी सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की अशा एका माणसाची नमाज प्रेषितांनी (स.) स्वतः पढली नाही. इतरांनी धडा घ्यावा म्हणून ते होते, असा अर्थ बहुतेक उलेमांनी लावला आहे. म्हणून इमाम अबू हनीफा, इमाम मालिक, इमाम शाफई यांच्यासह बहुसंख्य फुकहांच्या मते अशा माणसाला गुस्ल दिला जातो, कफन दिले जाते, नमाज पढली जाते आणि मुस्लिमांच्या कब्रस्तानातच दफन केले जाते. तो इस्लामबाहेर जात नाही.

मग त्यांनी सहीह मुस्लिममधलीच दुसरी हदीस सांगितली. हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) मदिनेला हिजरत करून आले तेव्हा त्यांच्या कबिल्यातला एक माणूस सोबत होता. मदिनेची हवा त्याला मानवली नाही. तो आजारी पडला, दुखणे सोसवेना, त्या अवस्थेत त्याने स्वतःच्या हातांना इजा केली आणि त्यातच तो गेला. पुढे हजरत तुफैल यांना तो स्वप्नात दिसला. अवस्था चांगली होती, फक्त हात झाकलेले होते. हिजरतीमुळे अल्लाहने मला माफ केले, पण जे मी स्वतः बिघडवले ते दुरुस्त होणार नाही असे मला सांगितले गेले, असे तो म्हणाला. हजरत तुफैल यांनी हे प्रेषितांना सांगितले, तेव्हा प्रेषितांनी अल्लाहकडे दुआ केली की त्याच्या हातांनाही माफ कर.

मौलाना म्हणाले, “आता त्या मुलाला जाऊन सांगा, दुआ कुठे जाते ते.”

येताना बसच्या खिडकीत बसून आम्ही हाच विचार करत होतो. आम्ही बीएड केले, बालमानसशास्त्राचा पेपर दिला, दर जुम्म्याला खुतबा ऐकला. ही हदीस आमच्यापर्यंत का आली नाही? बहुधा भीती घालणारी गोष्ट लवकर पोहोचते आणि धीर देणारी वाटेत राहते. आम्ही स्वतःही मुलांपर्यंत पहिलीच पोहोचवली होती.

मुलाला सांगितले तेव्हा तो रडला नाही. “हातांसाठीसुद्धा?” एवढेच त्याने विचारले. मग हळूहळू बोलू लागला आणि त्या बोलण्यातून आम्हाला दुसरा धडा मिळाला. त्याचे अब्बा काही न बोलता गेले नव्हते. दोन महिने ते बोलत होते. जेवताना म्हणायचे, “माझ्यावाचून तुमचं सोपं होईल.” मशिदीतून येताना एका सोबत्याला म्हणाले होते की झोप लागत नाही, डोक्यात भलते येते. सोबती म्हणाला होता, “तौबा करा भाई, असं तोंडातून काढू नका.” भावाने सांगितले, नमाज वाढवा. मालकाने सांगितले, मर्दासारखे राहा. सगळे भल्यासाठीच बोलले होते. पण प्रत्येकाचे वाक्य ऐकून त्यांचे पुढचे वाक्य आतच राहिले. शेवटी ते बोलायचेच थांबले आणि घरच्यांना वाटले, आता बरे वाटत असेल.

म्हणजे माणूस गेल्यावर आपण काय बोलतो एवढाच हा प्रश्न नाही. जो अजून गेलेला नाही तो आपले बोलणे ऐकत असतो. मय्यतीच्या घरी बसून आपण ‘हराम मौत’, ‘भित्रा निघाला’, ‘बायकोने छळले असेल’ असे म्हणतो तेव्हा त्याच सतरंजीवर एखादा असा बसलेला असतो ज्याच्या डोक्यात तेच चालू आहे. तो ठरवून टाकतो की या लोकांना सांगण्यात अर्थ नाही.

२०२२ सालची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी पाहिली तर देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत महाराष्ट्राच्या २२,७४६, सर्व राज्यांत जास्त. विद्यार्थी १३,०४४. कारणांत पहिला क्रमांक कौटुंबिक अडचणींचा, जवळपास एक तृतीयांश, आणि त्यानंतर आजारपणाचा. आपण ‘कर्जामुळे’, ‘नापास झाल्यामुळे’, ‘प्रेमप्रकरणातून’ असे एका शब्दात कारण सांगून मोकळे होतो. त्या मुलाच्या अब्बांचे कारण कोणते? मिरचीचा भाव, उधारी, पत्नीचे आजारपण, झोप उडणे, की कोणी न ऐकणे? एक कारण सांगितले की ऐकणाऱ्या दुसऱ्या कर्जदाराला वाटते, कर्जाचा शेवट हाच असतो. खरे पाहता आपल्या जिल्ह्यात कर्जात बुडालेली आणि तरी जगणारी माणसे हजारोंनी आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी डोळ्यांदेखत झाडे तोडली, आणि त्यांतल्याच कितीतरी जणांनी पुढे पुन्हा कलमे लावली. त्यांची बातमी होत नाही.

बातमीचा परिणाम होतो हे जगाने पाहिले आहे. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या एकेकाळी वाढत चालल्या होत्या आणि वर्तमानपत्रे त्या मोठ्या मथळ्यांनी छापत होती. १९८७ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी पत्रकारांना विनंती केली, मथळे थांबले आणि त्या घटना एकदम कमी झाल्या. आपल्याकडे भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये अशा बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली: पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, फोटो छापू नका. वर्तमानपत्राला हा नियम आहे. आपल्या मोबाईलला मात्र कोणी संपादक नाही. गावात काही घडले की तासाभरात फोटो गल्लीतल्या प्रत्येक हातात असतो, खाली रडकी चिन्हे आणि ‘इन्ना लिल्लाह’. त्या मुलाने आपल्या अब्बांचा तसा फोटो एका नातेवाइकाच्या मोबाईलवर पाहिला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आहे, असा फोटो आला की पुढे पाठवायचा नाही आणि पाठवणाऱ्याला फोन करून काढायला सांगायचे.

मराठवाड्यात याविषयी वेगळ्या पद्धतीने बोलणारी माणसेही आहेत. अंबाजोगाईचे अमर हबीब यांनी किसानपुत्र आंदोलनातर्फे २०१७ पासून १९ मार्चला एक दिवस अन्नत्यागाची हाक दिली. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाचा अंत झाला, त्याची ही आठवण. गेलेल्यांना भित्रे म्हणायचे नाही, थोर म्हणून मिरवायचेही नाही, एक दिवस उपाशी राहून त्यांच्या दुःखाशी नाते सांगायचे आणि शेतकऱ्याला बांधणारे कायदे बदलायला सांगायचे. आम्हा रोजा धरणाऱ्यांना ही भाषा लगेच कळते.

कायद्याचे बोलणेही बदलले आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, वर्षभराची कैद होऊ शकत होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालायचे, त्याच्यावर खटला भरायचा नाही आणि त्याच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारने घ्यायची, असे त्यात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम ठेवलेलेच नाही. आम्ही परिपाठात बोलत होतो तेव्हा नवा कायदा लागू होऊन काही आठवडेच झाले होते. सरकारने शिक्षा सोडून दिली होती आणि आम्ही ती मुलांना वाटत होतो.

या धड्याची परीक्षा पुढे आमच्याच घरात झाली. २०२३ मध्ये रमजान ईद होऊन महिना झाला असेल. जालन्यात टायरचे दुकान चालवणाऱ्या आमच्या चुलतभावाचा रात्री अकराला फोन आला. इकडचे तिकडचे बोलून तो म्हणाला, “भाईजान, काही कहा-सुना असेल तर माफ करा.” आपल्यात हज किंवा उमऱ्याला निघालेला माणूस असे म्हणतो, शब-ए-बरातला म्हणतात. त्याला तर कुठे जायचे नव्हते. पूर्वी आम्ही म्हणालो असतो, “माफ केलं, झोप आता.” त्या रात्री आम्हाला दाराच्या चौकटीला टेकलेला मुलगा आठवला.

आम्ही सरळ विचारले, “भाई, मरायचा विचार येतो का मनात?”

असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात घालू, अशी भीती सगळ्यांना वाटते. आम्हालाही वाटली. पण या विषयातले डॉक्टर सांगतात की विचारल्याने विचार येत नाही. तो असतो, आणि विचारल्याने माणसाला सांगायची वाट मिळते. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग रडण्याचा आवाज आला. आम्ही त्याला फोन ठेवू दिला नाही. दुसऱ्या फोनवरून पत्नीने त्याच्या घरी जाऊबाईंना उठवले, शेजारच्या मित्राला त्याच्याजवळ बसायला सांगितले आणि आम्ही मोटारसायकलने निघालो. रात्रभर त्याला एकटे सोडले नाही. उपदेश केला नाही. दुकानावरच्या देण्याची यादी त्याने स्वतःच सांगितली, आम्ही ती वहीत लिहून घेतली. लिहिल्यावर ती त्याच्या डोक्यात होती त्याहून लहान निघाली.

सकाळी डॉक्टरकडे जायचे म्हटले तर तो म्हणाला, “लोक म्हणतील ईमान कमजोर आहे. वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला.” आम्ही त्याला हजरत मरियम (अलै.) यांची गोष्ट आठवून दिली. सूरह मरियममध्ये आहे, प्रसूतीच्या कळांनी व्याकूळ होऊन खजुराच्या झाडाखाली त्यांच्या तोंडून निघाले की याआधीच मी मेले असते तर बरे झाले असते. एवढ्या पाक आणि मोठ्या ईमानाच्या बीबीच्या तोंडून. त्यावर त्यांना झिडकारले गेले नाही. दुःखी होऊ नकोस असे सांगितले गेले, पायाशी वाहणारे पाणी दाखवले गेले, झाड हलव आणि खजूर खा असे सांगितले गेले. आधी धीर आणि मग पाणी आणि खाणे. हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे मुलाच्या दुःखाने पांढरे झाले, पण त्यांना कोणी कमजोर ईमानाचे म्हटले नाही. आणि प्रत्येक आजाराला इलाज ठेवलेला आहे, म्हणून उपचार घ्या, ही तर प्रेषितांची शिकवण आहे. तापाला गोळी घेताना कोणी ईमान तपासत नाही.

मनोविकार डॉक्टरांनी तपासले, नैराश्याचा आजार आहे म्हणून सांगितले. गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे काही फरक दिसला नाही, तो चिडायचा. आम्ही आणि त्याचा मित्र आळीपाळीने रात्री जायचो. दुकान दोन महिने त्याच्या भाच्याने चालवले, देणेकऱ्यांशी बसून हप्ते ठरवले. आठ-नऊ महिने औषध चालले. आज तो सकाळी दुकान उघडतो. देणे अजून आहे. मागच्या बकरी ईदला गोश्तचा वाटा घेऊन आला तेव्हा म्हणाला, “त्या रात्री तुम्ही तौबा कर म्हणाला असता तर मी फोन ठेवणार होतो.”

आपल्या घराघरांत हे करता येते. ‘सगळ्यांना सोपे होईल’, ‘माझे काही खरे नाही’, अवेळी माफी मागणे, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, झोप आणि जेवण सुटणे, फार दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकदम शांत होणे, हे दिसले तर जवळ बसा आणि स्पष्ट विचारा. तौबा, सब्र, शुक्र यांच्या गोष्टी नंतर. आधी ऐकून घ्या. धोका वाटला तर एकटे सोडू नका, आणि ज्याने इजा होईल ते घरातून दूर ठेवा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांवर इलाज होतो. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. त्या माणसाला बोलवत नसेल तर घरच्यांनीही फोन करून विचारावे.

आणि कोणी गेलेच, तर त्याच्या घरी जा. जनाजाला खांदा द्या. कसे, का, चिठ्ठीत काय होते, हे विचारू नका. त्याच्या मुलांसमोर त्याचे नाव घ्या, त्याने केलेले एखादे चांगले काम सांगा. मग्फिरतची दुआ मोठ्याने करा, म्हणजे त्या मुलांच्या कानावर पडेल.

तो मुलगा पाचव्या दिवसानंतर शाळेत आला होता. पुढच्या सोमवारी परिपाठात आम्ही सगळ्या मुलांसमोर सांगितले की त्या दिवशी आम्ही चुकीचे बोललो, विचारून घेतले नव्हते. कोणासाठी ते सांगितले नाही. तो दहावी झाला, आयटीआय केले, आता चिखलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला आहे. सुटीत गावी आला की फज्र पढून कब्रस्तानात जातो. मागच्या वेळी वाटेत भेटला, सलाम केला आणि म्हणाला, “सर, चला, सोबत दुआ करू.” आम्ही गेलो.